साहेबरावांनी एकट्याने जायचे

इंदापूर,
९ जुलै १९९६

चि. डॉ. अंजली हिस,
सप्रेम जयभीम.

मला दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे आणि माझ्या यजमानांना घरात अर्धा तासही एकटे सोडता येत नाही. म्हणून हे पत्र. नाहीतर शाळेत शिकवलेल्या मुलीला तिच्या कामाच्या वेळेत त्रास देणारी मी नव्हे.

शस्त्रक्रियेचे एकदाच लिहिते. माझे अंग बाहेर येते. दोन वर्षे झाली. आता फार वेळ उभे राहवत नाही, चालले की खाली ओढ लागते. तुझ्या बारामतीच्याच एका डॉक्टरीणबाईंना दाखवले. पिशवी काढावी लागेल, घाई नाही, पण वर्ष संपायच्या आत करा, असे त्या म्हणाल्या. आठ-दहा दिवस दवाखान्यात, पुढे दोन महिने जड उचलायचे नाही.

आता साहेबरावांविषयी. तू त्यांना पाहिलेले आहेस. शाळेच्या सहलीची एस.टी. तेच चालवायचे आणि तुम्ही मुली गाडीत गाणी म्हणून त्यांचे डोके उठवायच्या. बत्तीस वर्षे गाडी चालवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतर महिन्याभरात त्यांचे डेपोतले मित्र रामहरी बाकावर चहा पिता पिता गेले. हृदयविकार. साहेबराव शेजारी बसले होते. पंधरवड्याने आम्ही भिगवणला एका लग्नाला निघालो, तेव्हा गाडीत यांच्या छातीत धडधडू लागले, हातांना मुंग्या आल्या, घाम फुटला. "गाडी थांबवा, मी चाललो," म्हणाले. सगळी गाडी खाली उतरली.

तेव्हापासून चार वेळा कार्डिओग्राम काढून झाला. हृदय उत्तम आहे. पण ते दिवसभर नाडीवर बोट ठेवून बसतात. जिभेखाली ठेवायची गोळी सदऱ्याच्या खिशात असते. न्हाणीघराची कडी लावत नाहीत. बाजारात मी बरोबर लागते, आणि रस्ता ओलांडताना ते माझा पदर धरतात. एस.टी.त तर बसतच नाहीत. ज्यांच्या भरवशावर लोक झोपून प्रवास करायचे, त्यांची ही दशा.

मुलगा सुमित नाशिकला नोकरीला आहे. तो येईल, चार दिवस वडिलांचा हात धरून बसेल आणि जाईल. पुढे काय? शेजारच्या छबूबाई कनवाळू आहेत, पण त्या रडतात.

तू औषधाशिवाय, नुसते बोलून माणसे बरी करतेस असे ऐकले. माझा विश्वास नाही. बोलण्याने होणार असते तर ते केव्हाच बरे झाले असते. मी काही कमी बोललेले नाही. तरीही विचारते.

माझ्या शस्त्रक्रियेचे त्यांना ठाऊक नाही. ते कळता कामा नये. टपाल मी स्वतः पेटीत टाकते, तुझे उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
चतुरा सोनवणे


बारामती,
१३ जुलै १९९६

ती. बाईंस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी उभ्यानंच वाचलं. बसायची हिंमत झाली नाही.

काकांसारखे चार-पाच जण माझ्याकडे रोजच्या गर्दीत असतात. धडधड, मुंग्या, दम. कार्डिओग्राम चांगला येतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि ताकदीचं एक इंजेक्शन देतात. महिन्यानं माणूस परत दारात. दोन वर्षांपूर्वी मी बंगळूरला खेड्यापाड्यातल्या साध्या डॉक्टरांसाठीच्या एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथं ही पद्धत शिकले. इंग्रजीत तिला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. माझ्याकडे आलेले लोक तिला 'डॉक्टरीणबाईंचा गृहपाठ' म्हणतात.

तिचं म्हणणं साधं आहे. छाती धडधडली की काकांच्या मनात येतं, मी चाललो. त्या विचारानं भीती वाढते, भीतीनं श्वास भरभर होतो, तशा श्वासानं मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की तो विचार पक्का होतो. मग काका तुमचा पदर धरतात, आणि मरत नाहीत. त्यांना वाटतं, पदरानं वाचवलं. पदर नसता तरी मेले नसते, हे कळायची त्यांना संधीच मिळत नाही. ती संधी द्यायची, थोडी थोडी. मी बोलते कमी, करून बघायला जास्त लावते.

पुढच्या बुधवारी दुपारची गर्दी ओसरली की त्यांना आणा. एस.टी. जमणार नाही, तर जीपनं या. तुम्ही बाहेर बसायचं. हे शिक्षकांना सांगणं अवघड आहे, तरी सांगते.

तुमचं गुपित तुमचं आहे, मी ठेवीन. पण ते मला पटलेलं नाही.

तुमची विद्यार्थिनी,
अंजली


इंदापूर,
६ ऑगस्ट १९९६

चि. अंजली,

तुझ्याकडे दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा मी बाहेर बसले. दुसऱ्या खेपेला बाकावर सोमेश्वरनगरकडच्या एक बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी विचारले, "तुमचं कोन हाय आत?"

"यजमान."

"येवढा येळ? सलाईन लावलं आसंल."

"नाही. बोलत आहेत."

"नुसतंच? सुई न्हाय, काय न्हाय?" त्यांनी जरा विचार केला. "आन ह्ये जिन्यावर धावतंय कोन?"

"तेच."

त्यानंतर त्या बाकावर माझ्यापासून थोड्या दूर सरकल्या.

साहेबराव बाहेर आले ते घामाघूम आणि हसत. हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिले नव्हते. जीपमध्ये म्हणाले, "बाई, डॉक्टरताईनं मला मुद्दाम भराभरा श्वास घ्यायला लावला. तीच धडधड, त्याच मुंग्या. म्हनली, हे तुमीच आनलंत बगा, आता तुमचं तुमालाच जाऊ द्या. आन गेलं की वो." (गावासारखे तेही मला बाईच म्हणतात, तुला ठाऊक आहे.) घरी येईपर्यंत त्यांनी पदर धरला नाही. दारात आल्यावर धरला.

तू दिलेला कागद सोबत आहे. कधी भीती वाटली, तेव्हा मनात कोणता विचार आला, त्याला उत्तर काय, असे तीन रकाने भरून आणायचे होते. भरले आहेत. शुद्धलेखन तपासले आहे.

एक विचारते. मी सतराव्या वर्षी दौंडला गाडी बदलून एकटी औरंगाबादला कॉलेजात गेले. घरात कोणी आगगाडीत बसलेले नव्हते. भीती वाटली नाही असे नाही, पण वाटली तर वाटली. मग एका धडधाकट माणसाला कोपऱ्यावर जाता येऊ नये, हे मला कळत नाही. मला राग येतो. मी रागावले की ते निमूट बसतात, आणि मला अधिक राग येतो. याला तुझ्या पद्धतीत रकाना आहे का?

चतुरा सोनवणे


बारामती,
११ ऑगस्ट १९९६

ती. बाईंस,
सप्रेम जयभीम.

कागद परत पाठवते आहे. 'विचार' ह्या रकान्यात लिहिलंय: 'मृत्यू अटळ आहे, परंतु त्याची अकारण चिंता करणे अविवेकी होय.' बाई, काका असं बोलत नाहीत. हे वाक्य तुमचं आहे. असल्या वाक्याला तुम्ही आम्हाला पूर्ण मार्क द्यायचात.

मला बरोबर उत्तर नको आहे. भीतीच्या क्षणी त्यांच्या मनात खरोखर जे येतं, तेवढंच हवं, चुकांसकट. त्यांनी लिहिलेला मूळ कागद असेल तर पाठवा.

पुढचा गृहपाठ असा. आधी घरापासून कोपऱ्यापर्यंत. ते जमलं की मंडईपर्यंत. मग एस.टी. स्टँडपर्यंत. मग गाडीत बसून निमगाव केतकी, आणि शेवटी बारामती. गोळी घरी ठेवायची. नाडी बघायची नाही. भीती आली तर पळायचं नाही. ती वर चढते तशी आपसूक खाली उतरते, तेवढं उभं राहून बघायचं. आणि सगळं एकट्यानं. तुम्ही घरी.

रागाला रकाना आहे. पण तो तुम्हीच भरायचा.

अंजली


इंदापूर,
१९ सप्टेंबर १९९६

चि. अंजली,

ते वाक्य माझेच होते. मूळ कागद मी फाडला नव्हता, तो सोबत आहे. त्यावर त्यांनी इतकेच लिहिले होते: 'बाई घरात न्हाईत. आता मी मरतो.' हे तुला पाठवायला मला संकोच वाटला.

प्रगती सांगते. कोपरा झाला. पहिल्या दिवशी विजेच्या खांबाला हात लावून परतले, चौथ्या दिवशी तिथे उभे राहून एका माणसाशी बोलले. मंडई झाली. एका गाळ्यावर वांगी निवडून निवडून घेतली, घासाघीस केली. गेल्या आठवड्यात एस.टी. स्टँड झाले. कंट्रोलरच्या खिडकीशी थांबले. जुनी मंडळी भेटली. एकाने पाठीवर थाप मारली, तेव्हा दचकले, पण पळाले नाहीत. रसवंतीच्या सावलीत रुमालाने मान पुसली आणि परत फिरले. सगळे एकट्याने. गोळी घरी होती. 

परंतु गाडीत बसत नाहीत. निमगाव केतकीची गाडी फलाटाला लागली होती. दारात पाय ठेवला आणि खाली घेतला. आज तीन वेळा असे झाले. मी म्हणाले, "अहो, स्टँडपर्यंत जाता, मग पुढे काय अडते?" तर म्हणाले, "गाडीचं येगळं असतं, बाई." काय वेगळे असते ते सांगत नाहीत.

आणि घरी काहीच फरक नाही. मी परसात गेले तरी हाक येते. दिवाळी जवळ येत चालली आहे. दवाखान्यात तारीख धरून ठेवायला सांगितले आहे. आता काय करू?

चतुरा सोनवणे


इंदापूर,
२८ सप्टेंबर १९९६

डॉक्टर अंजलीताई यांस साहेबराव ड्रायवरचा जयभीम.

तुमी म्हनला हुता का बाईनं न तपासलेलं पत्र लिवा. म्हनून पोस्टात बसून लिवतो. चुका काढू नका.

मी एकटा जात न्हाय. बाई मागनं येत्यात. पयल्या दिशी कोपऱ्यावर गेलो तवाच कळलं. बत्तीस वर्सं आरशात बगून गाडी चालवली, मागं कोन हाय ते मला कळत न्हाय व्हय? मी थांबलो का त्या थांबत्यात आन जे दुकान समोर आसंल तितं कायतरी बगाय लागत्यात. परवा सायकलीच्या दुकानात उभ्या हुत्या. दुकानदार त्यास्नी टायर दावत हुता. आमच्या घरी सायकल न्हाय.

मला कळलंय हे मी त्यास्नी कळू दिलं न्हाय. त्या मागं हायत म्हनून तर पाय पडतो. पर गाडीत त्यास्नी लपता याचं न्हाय. म्हनून मी चढत न्हाय. 

दुसरं आसं हाय. तुमी म्हनता छाती चांगली हाय, मी मानतो. पर बाई येवढ्या शिकलेल्या, अख्ख्या इंदापुरात त्यांचा शबूद कोन खाली पडू देत न्हाय, आन त्याच माझ्या मागनं चालत्यात. म्हंजी त्यास्नी खात्री हाय का मी वाटंत पडनार. मग मी कुनाचं खरं धरू?

तिसरं हे, आन ह्येच्यासाटीच पत्र लिवलं. चालताना त्या कमरंवर हात ठिवत्यात. मी थांबलो न्हाय तरी थांबत्यात. भिताडाला टेकत्यात. तोंड उतरतं. घरी इचारलं तर म्हनत्यात गुडगा दुखतो. गुडगा दुखला तर कुनी कमरंवर हात ठिवतं का? त्यास्नी कायतरी झालंय. तुमाला ठावं आसंल तर त्यास्नीच सांगा का मला सांगा म्हनून. मला इचारायचं भ्याव वाटतंय. माझ्या पयल्या भ्यावापरीस हे मोठं हाय.

हे पत्र त्यास्नी दावलं तरी माझी ना न्हाय. मला तोंडानं सांगता याचं न्हाय.

साहेबराव


बारामती,
३ ऑक्टोबर १९९६

ती. बाईंस,
सप्रेम जयभीम.

काकांचं पत्र सोबत पाठवते. त्यांनीच दाखवायची परवानगी दिली आहे. आधी ते वाचा, मग हे. लाल शाई लावू नका.

तुमच्या मागच्या पत्रात रसवंतीची सावली आणि पाठीवरची थाप होती. काका घरी येऊन एवढं वर्णन करत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही मागून चालता तो पदरच आहे, बाई, जरा लांब केलेला. काका स्टँडपर्यंत जातात आणि मनाशी म्हणतात, बाई मागे होत्या म्हणून वाचलो. शिवाय त्यांना वाटतं, तुमची खात्री झाली आहे की ते मरणार. मी कार्डिओग्राम दाखवून जे सांगते, ते तुमची पावलं खोडून काढतात.

आणि दुसरं, डॉक्टर म्हणून. तुमच्या दुखण्यात उभं राहवत नाही, चालवत नाही, असं तुम्हीच लिहिलेलं असताना तुम्ही रोज स्टँडपर्यंत जाऊन येत होतात. मी इथं बसून 'शाबास काका' लिहीत होते.

त्यांना सांगा. ते ह्या बातमीनं कोसळतील हा तुमचा विचार आहे. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी जे विचारते तेच तुम्हाला विचारते: हे खरं कशावरून? करून बघितलंत का?

तुमची,
अंजली


इंदापूर,
१६ ऑक्टोबर १९९६

चि. अंजली,

तुझे पत्र आले त्या दिवशी मला फार राग आला. माझ्या विद्यार्थिनीने मला असे लिहावे, याचा. दुसऱ्या दिवशी त्यांचे पत्र पुन्हा वाचले आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

सांगितले. सकाळी चहा झाल्यावर, समोरासमोर बसून, जसे तुला लिहिले तसेच सांगितले. त्यांनी नाडीला बोट लावले. मग काढले.

"किती दिस झालं?"

"दोन वर्षे."

"आन आसं आसताना माझ्या मागनं स्टँडापत्तुर येत हुता."

"हो."

"शिकलेली मानसं," म्हणाले.

मी म्हणाले, "तुम्ही पडाल म्हणून येत नव्हते. तुम्ही पडणार नाही हे मला ठाऊक आहे." बोलल्यावर वाटले, हे खोटे आहे. तेव्हा पुन्हा म्हणाले, "ठाऊक आहे, पण धीर होत नव्हता."

"मंग तुमाला बी माझ्यावानीच झालंय," म्हणाले. "डॉक्टरताईकडं तुमी आत बसाय पायजे हुतं, मी बाहिर."

मग ते उठले, सदरा घातला. कुठे म्हणून विचारले तर म्हणाले, "रबरी पिशवी मिळती का बगतो. गरम पान्यानं शेकाया. आबाजीच्या दुकानात आसती." आणि गेले.

अंजली, मी सवयीने उठले. चपला घातल्या. दारापर्यंत गेले. माझ्या छातीत धडधडू लागले, हात गार पडले, तोंडाला कोरड पडली. तुझे ते श्वासाचे आणि मुंग्यांचे मला तोंडपाठ आहे. त्याचा तिळमात्र उपयोग झाला नाही. एवढेच मनात येत होते की ते रस्त्यात पडले आहेत आणि लोक भोवती जमले आहेत. चपला काढल्या. परत बसले. डाळीचे ताट पुढे ओढले आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसले. आबाजीचे दुकान कोपऱ्याच्या पुढेच आहे, पण ते येईनात. ताट ठेवले, पुन्हा घेतले. पुष्कळ वेळाने ते धडधडणे आपोआप उतरले, आणि ते तेव्हाही आले नव्हते. हे मात्र मला नवे होते.

आले तेव्हा घामाने भिजलेले होते. "आबाजीकडं न्हवती. म्होरल्या दुकानात गेलो, तितं बी न्हवती. मंग बाजारपेठंत जाऊन आनली." पिशवी माझ्या हातात दिली. वर बघून म्हणाले, "आज मागं कोन न्हवतं." विचारले नाही, सांगितले.

परवा निमगाव केतकीला जाऊन आले. मी छबूबाईंकडे बसले होते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी त्योच कांदा किती येळ सोलताय?"

तारीख नोव्हेंबरच्या सव्वीसची ठरली आहे. माझ्या दुखण्याची चौकशी ते रोज करतात, आणि मला ते आवडते, हे लिहायला हरकत नाही.

चतुरा सोनवणे


बारामती,
१८ नोव्हेंबर १९९६

ती. बाईंस,
सप्रेम जयभीम.

काका परवा येऊन गेले. बारामतीच्या वाटेवरच्या लासुर्ण्यापर्यंत एस.टी.नं दोनदा जाऊन आल्याचं सांगितलं. बारामतीपर्यंतचा सबंध प्रवास मात्र अजून एस.टी.नं एकट्यानं झालेला नाही. परवा छबूबाईंच्या मुलाच्या मोटरसायकलवर आले होते. मला म्हणाले, "बाई आदल्या दिशी म्होरं जातील, तपासन्या हायत. मी दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं मागनं येतो. एकटा." मी विचारलं, भीती आली तर? म्हणाले, "यील की. तिला काय तिकीट लागतंय?"

मी पंचवीस ते अठ्ठावीस पुण्यात आहे, टाळता येत नाही. त्यामुळे मी तुमच्याजवळ नसेन. तिथल्या सिस्टरला सगळं सांगून ठेवलं आहे.

त्यांना आणायला कुणाला पाठवू नका. सुमितलाही नाही, छबूबाईंनाही नाही. काका कदाचित येऊ शकणार नाहीत. तसं झालं तरी ते नापास नाहीत, आणि तुमची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी, सुमित नाशिकहून आला की होईल, मी तसं बोलून ठेवलं आहे. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. त्यांना सांगू नका.

अंजली


बारामती, दवाखान्यातून,
२९ नोव्हेंबर १९९६

चि. अंजली,

पडून लिहीत आहे, अक्षर चांगले आलेले नाही. शस्त्रक्रिया झाली. ठीक आहे. तू पुण्याहून आल्यावर तुला सगळे सांगतीलच, पण सव्वीस तारखेची सकाळ मीच सांगितली पाहिजे.

छबूबाई रात्री माझ्याजवळ होत्या. अकरा वाजता मला आत न्यायचे होते. साहेबराव पहिल्या गाडीने नऊपर्यंत यायचे होते. नऊ वाजले, साडेनऊ झाले. छबूबाई म्हणाल्या, "बाई, मी स्टँडवर जाऊन बगू का?" मी नको म्हणाले. "मंग सुमितला फोन लावू?" तेही नको. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी म्हणाले, रडायचे असेल तर बाहेर जाऊन रडा, आणि मग त्यांचा हात धरून ठेवला.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. घरच्या माणसाची सही पाहिजे. मी म्हणाले, "माझ्या शरीराला माझी सही पुरत नाही का?" त्या म्हणाल्या, "पुरते हो बाई, पण घरचं कुणीतरी पाहिजे. रीत आहे." दहा वाजले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, उद्या घेऊ या का? मला तुझे पत्र आठवले. म्हणाले, थोडे थांबू.

अंजली, त्या वेळी मनात हे आले, जसे आले तसे लिहिते: मी त्यांना एकटे सोडले आणि ते वाटेत गेले. उत्तराच्या रकान्यात मला काही सुचले नाही. नुसती पडून राहिले.

मग ते आले. जिन्यावर पावले ऐकू आली. सदरा पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले. दारात उभे राहून दम घेतला.

"उशीर झाला," मी म्हणाले.

"लासुर्ण्याला उतरलो हुतो."

"का?"

"आलं की. पाक छातीवर बसलं. हात गेलं, पाय गेलं. ड्रायवर वळखीचा हुता, म्हनला तात्या काय झालं. म्हनलं काय न्हाय, उतरतो." कॉटच्या कडेला टेकले. "इंदापूरची गाडी समूरच लागली हुती. घराकडं जाता आलं आसतं."

"मग?"

"मग काय. उभा ऱ्हायलो. नाडी बगितली न्हाय. म्हनलं, किती बसायचं ते बस माझ्या उरावर. लई येळ बसलं. मंग त्येच कटाळलं. मागनं बारामती गाडी आली, तिच्यात चढलो."

छबूबाई आता मोकळेपणाने रडू लागल्या. या वेळी मी त्यांना बाहेर पाठवले नाही.

साहेबरावांनी सही केली. पूर्ण नाव लिहितात, वेळ लागतो. सिस्टर म्हणाली, अंगावरचे सगळे काढून यांच्याकडे द्या. मी एकेक काढून दिले. शेवटी म्हणाली, "दातांची कवळी आहे का?" मी चार वर्षे कवळी लावते आणि ती मी आजवर त्यांच्यासमोर काढलेली नाही. न्हाणीघराचे दार लावून धुते. मी सिस्टरला म्हणाले, तुमच्याकडेच ठेवा. ती म्हणाली, आम्ही ठेवत नाही, हरवते.

साहेबरावांनी खिशातून रुमाल काढून तळहातावर पसरला. "द्या हिकडं. मी धुवून ठिवतो." मी तोंडाला हात लावला तर म्हणाले, "बत्तीस वर्सं गाडीत झोपलेल्या लोकांची तोंडं आरशात बगितल्यात, बाई. द्या." दिली. त्यांनी रुमालाची चारही टोके नीट आत दुमडली.

सिस्टरने विचारले, "तुमच्याबरोबर आणखी कोण आलंय?" ती छबूबाईंकडे बघत होती. ते म्हणाले, "ह्या यांच्यासंगं आल्यात. माझ्यासंगं कोन न्हाय." 

सिस्टरने वहीत काय लिहिले ते मी आज मागून घेऊन वाचले. जसेच्या तसे उतरवते.

'दि. २६-११-९६. सौ. चतुरा साहेबराव सोनवणे, इंदापूर, यांच्या वस्तू ऑपरेशनपूर्वी नातेवाइकाच्या ताब्यात दिल्या.
चष्मा, एक.
मनगटी घड्याळ, एक, चालू.
मंगळसूत्र, एक.
सोन्याच्या बांगड्या, दोन.
दातांची कवळी, वरची, रुमालात.
घेणार: साहेबराव सावळाराम सोनवणे, पती. इंदापूरहून एस.टी.ने आले.
सोबत: कोणी नाही.'